पेनड्राइव्हवर फोटो टाकताना मशीन गोठतं, नेटवरची कर्नेल सेटिंग्ज टाकल्यावर तर जास्तच बिघडलं, काय ठेवू काय काढू?

स्टुडिओवाला_सोलापूर · शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्न, बारसं, पासपोर्ट फोटो सगळं करतो. मशीन जुनं आहे, आय-थ्री चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क, स्वॉप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) २ जीबी, लिनक्स मिंट २२, कर्नेल (लिनक्सचा गाभा) ६.८. मोबाइलवरून मराठी कीबोर्डवर लिहितोय म्हणून कमांड पण देवनागरीतच येतील, सांभाळून घ्या.

मूळ त्रास असा की गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर १५ जीबी फोटो द्यायचे झाले की कॉपीची पट्टी सुरुवातीला धडाधड पळते आणि मग अडकते, आणि ती अडकली की सगळं मशीनच अडकतं, माउस उड्या मारत चालतो, गिम्प (फोटो एडिटर) पांढरं पडतं, काउंटरवर चार माणसं उभी आणि मला साधा पासपोर्टचा प्रिंट देता येत नाही. म्हणून दिवाळीत नेटवर शोधून एक साठेक ओळींची सेटिंगची यादी सापडली, परफॉर्मन्स पण वाढेल आणि सिक्युरिटी पण असं लिहिलेलं, ती सरळ सिस-सीटीएल.कॉन्फ या कर्नेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चिकटवली.

तेव्हापासून गोठणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. शिवाय आवाज कधी येतो कधी येत नाही, वायफायचं पण तसंच, कॅमेऱ्याचं १२८ जीबीचं कार्ड घातलं की 'अननोन फाइलसिस्टिम टाइप एक्सफॅट' म्हणतं, आधी तेच कार्ड उघडत होतं. डार्कटेबलमध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) मोठी फाइल घेतली की 'मेमरी मिळाली नाही' म्हणून बंद पडतं आणि फ्री कमांडमध्ये तर निम्मी मेमरी मोकळी दिसते. गोठलं की आल्ट-प्रिंटस्क्रीन धरून एस यू बी दाबायचो (डेटा डिस्कवर उतरवून रीबूट करायला) तेही आता चालत नाही, बटण धरून बंद करावं लागतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या आठवड्यात दुसऱ्या रीडरमध्ये फॅट-३२ वालं कार्ड घालून उघडलं, हळदीचे फोटो हार्ड डिस्कवर घेतले, कॉपी झाली म्हणून आलं, कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केलं आणि तेवढ्यात लाइट गेली. लाइट आल्यावर बघतो तर शेवटचे ४० फोटो शून्य बाइटचे. रात्रभर झोप नाही. ते कार्ड तसंच बाजूला ठेवलंय, त्यावर नवीन काही काढलेलं नाही.

यादीतल्या महत्त्वाच्या वाटलेल्या ओळी: व्हीएम.स्वॉपिनेस १०, व्हीएम.डर्टी_रेशो ६०, व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो ४०, डर्टी_एक्स्पायर_सेंटिसेक्स ६०००, व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी २, कर्नेल.सिसआरक्यू ०, कर्नेल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड १, कर्नेल.केपीटीआर_रिस्ट्रिक्ट २, डीमेसेज_रिस्ट्रिक्ट १, आणि खाली नेटवर्कच्या पंचवीस-तीस. यातलं काय ठेवू काय काढू? पुढच्या गुरुवारी दोन लग्नं आहेत हो.

---

रात्रपाळी_अॅडमिन · शनिवार, पहाटे १:१५

दादा, आधी फोटोंचं बघू, सेटिंग उद्या झाली तरी चालतील.

कार्डाला हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त यादी पुसतो, फोटोंचा डेटा जागेवरच असतो, त्यावर नवीन फोटो पडला की मगच जातो. कार्डावरचं छोटं लॉक सरकवा, रीडरमध्ये घाला, माउंट करू नका (म्हणजे फाइली बघायला उघडू नका). पहिल्यांदा डीडी-रेस्क्यूने अख्ख्या कार्डाची इमेज (तंतोतंत प्रत) हार्ड डिस्कवर घ्या आणि पुढचं सगळं त्या इमेजवर करा. मग टेस्टडिस्क नावाचं पॅकेज टाकलं की त्याच्याबरोबर पुसलेले फोटो शोधून काढणारं फोटोरेक येतं, त्याला ती इमेज द्या आणि निघालेल्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. नावं जातील, १२३४५ असले आकडे येतील पण फोटोत वेळ लिहिलेली असते, त्यावरून लावता येतात. जेपेग तर निघतंच, रॉ पण बऱ्याच कॅमेऱ्यांचं ओळखतं.

आता तुमची यादी. मला वाचताना वाईट वाटलं, कारण यातली एकेक ओळ कुठेतरी कुणाच्यातरी उपयोगाची आहे पण तुमच्या काउंटरवरच्या मशीनला नाही, आणि सगळ्या एकदम टाकल्यामुळे कुठला त्रास कुठून आला हे तुम्हाला कळायला मार्गच राहिला नाही.

मॉड्यूल्स_डिसेबल्ड १ ही ओळ सगळ्यात आधी काढा. ती एकदा १ झाली की रीबूट होईपर्यंत कर्नेलमध्ये नवीन ड्रायव्हर शिरूच शकत नाही, रूटने (सगळे हक्क असलेल्या युजरने) सांगितलं तरी नाही, आणि परत ० पण करता येत नाही, ती तशीच बनवलेली आहे. ज्या सर्व्हरवर कधीच नवीन काही जोडायचं नाही तिथे ठीक. तुमच्याकडे ही बूट होतानाच लागते आणि त्याच वेळी दुसरीकडे यूडेव्ह (जोडलेलं हार्डवेअर ओळखणारा भाग) ड्रायव्हर भरत असतं, म्हणजे दोघांची शर्यत, एखाद्या दिवशी आवाजाचा ड्रायव्हर आधी आत गेला तर आवाज आहे, नाही गेला तर नाही. वायफायचं कधी हो कधी नाही ते यामुळेच. एक्सफॅटचा ड्रायव्हर तर कार्ड घातल्यावरच मागितला जातो, तोवर दार बंद. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅटमध्येच येतात म्हणून मोठं कार्ड उघडत नाही आणि जुनं छोटं उघडतं.

ओव्हरकमिट_मेमरी २ म्हणजे कर्नेल प्रोग्रामना एकूण किती मेमरी कबूल करायची याचा कडक हिशोब ठेवतं, स्वॉप अधिक रॅमचे ५० टक्के, म्हणजे तुमच्याकडे २ अधिक ४, साधारण ६ जीबी. प्रोग्राम मागतात खूप, वापरतात थोडी. कबूल केलेली ६ झाली की पुढच्याला नकार, प्रत्यक्षात निम्मी रॅम मोकळी असली तरी. /प्रॉक/मेमइन्फो मध्ये कमिटलिमिट आणि कमिटेड_एएस या दोन ओळी बघा, दोन्ही जवळजवळ आलेल्या दिसतील. ही काढून ० ला जाऊ द्या.

पेनड्राइव्हचं सविस्तर उद्या लिहिते, शिफ्ट चालू आहे. तोवर सिस-सीटीएल.कॉन्फ ची एक प्रत घरच्या फोल्डरमध्ये ठेवा, मूळ फाइलमधून तुम्ही चिकटवलेलं सगळं काढा (मिंटमध्ये मुळात त्यात सगळ्या ओळी हॅश लावून बंदच असतात) आणि रीबूट करा. नुसती ओळ काढून चालत नाही, चालू कर्नेलमध्ये जुनी किंमत तशीच राहते.

---

अर्धा_कटिंग · शनिवार, सकाळी ९:०५

भाऊ मी पण जुनं आय-थ्री वापरतो, ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाचा मेनू) मिटिगेशन्स=ऑफ टाकून बघ, मेल्टडाउन स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या भोकांच्या पॅचेसनी चौथ्या पिढीचे प्रोसेसर बरेच स्लो केलेत, मला कंपाइल करताना फरक जाणवला. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारं) दर तासाला ड्रॉप_कॅशेस ३ (रॅममधली कॅश रिकामी करायची) टाक, रॅम मोकळी राहते.

---

रात्रपाळी_अॅडमिन · शनिवार, दुपारी ३:३०

@अर्धा_कटिंग तुम्हाला कंपाइलमध्ये फरक जाणवला असेल, खोटं म्हणत नाही, पण इथे अडतंय कुठे ते बघा ना. पेनड्राइव्ह सेकंदाला समजा ६ एमबी लिहितोय आणि प्रोसेसर रिकामा बसलाय. प्रोसेसर आणखी मोकळा करून पेनड्राइव्ह काही पळणार नाही. आणि जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन बाहेर आलं ते इंटेलच्या याच पिढ्यांना लागू होतं. या मशीनवर ब्राउझर चालतो, गिऱ्हाइकांचे मेल उघडले जातात, लोकांच्या घरचे फोटो आहेत. मी इथे ते बंद करणार नाही. एलएससीपीयू चालवलं की खाली कुठला धोका आहे आणि त्यावर काय उपाय चालू आहे ते ओळीने येतं, बघून घ्या.

ड्रॉप_कॅशेसचं तर नकोच. कॅशमध्ये गेलेली रॅम वाया गेलेली नसते, प्रोग्रामला लागली की कर्नेल लगेच सोडतं. फ्री -एच मध्ये 'फ्री' रकाना बघायचा नाही, 'अव्हेलेबल' बघायचा. दर तासाला कॅश फेकली तर डार्कटेबलच्या थंबनेल परत त्या फिरत्या डिस्कवरून वाचाव्या लागतील, उलट हळू होईल.

आता दादा तुमचं मूळ दुखणं. तुम्ही पेनड्राइव्हवर कॉपी करता तेव्हा डेटा आधी रॅममध्ये जातो. रॅममधली जी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) अजून डिस्कवर गेलेली नाहीत त्यांना डर्टी म्हणतात. पट्टी सुरुवातीला धडाधड पळते ती रॅममध्ये पळत असते, पेनड्राइव्हवर नाही. ही डर्टी पानं किती साठू द्यायची याची हद्द म्हणजे डर्टी_रेशो, मुळात २०, आणि मागच्या मागे लिहायला कधी सुरू करायचं ते बॅकग्राउंड, मुळात १०. टक्के एकूण रॅमचे नाहीत, त्या वेळी उपलब्ध असलेल्या मेमरीचे. समजा तुमची ६ जीबी उपलब्ध आहे, तर २० टक्के म्हणजे १.२ जीबी. ६ एमबीच्या वेगाने तेवढं उतरवायला २०० सेकंद. सव्वातीन मिनिटं. हद्द गाठली की कर्नेल जो कोणी लिहायला येईल त्याला थांबवतं, आणि त्यात फक्त कॉपीवालाच नाही तर गिम्प, ब्राउझर, लॉग लिहिणारा असे सगळेच रांगेत सापडू शकतात, म्हणून अख्खं मशीन गोठल्यासारखं वाटतं.

तुमच्या यादीने ती हद्द ६० केली. ६ जीबीचे ६० टक्के ३.६ जीबी, भागिले ६ एमबी, ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. यादी लिहिणाऱ्याने खोटं नाही सांगितलं, वेगवान डिस्क आणि भरपूर छोटं लिखाण असेल तर मोठी हद्द चांगली. पेनड्राइव्हला उलटी पडते.

आणि त्याच ओळींनी हळदीचे फोटो नेले. डर्टी पान किती जुनं झालं की लिहायलाच हवं ते डर्टी_एक्स्पायर, मुळात ३००० सेंटिसेकंद म्हणजे ३० सेकंद. तुम्ही ६००० केलं, एक मिनिट. वर बॅकग्राउंडची हद्द ४० टक्क्यांवर, म्हणजे तोवर कर्नेलला घाई वाटायचं कारणच नाही. कॉपी झाली असं स्क्रीनवर आलं तेव्हा शेवटचे फोटो रॅममध्ये होते, लाइट गेली, रॅम गेली, फाइलचं नाव डिस्कवर पोचलं होतं आणि आतला डेटा नाही. शून्य बाइट.

हे दुखणं जुनं आहे. २०१३ साली कर्नेलवाल्यांच्यात यूएसबी स्टिकने मशीन अडकण्यावर बरीच चर्चा झाली होती, तेव्हा लिनक्सचे जनक टोरवाल्ड्सनी स्वतः म्हटलं होतं की ही टक्क्यांची पद्धत ८ ते ६४ एमबी मेमरीच्या काळातली आहे. ६४ एमबीचे २० टक्के म्हणजे १३ एमबी, कुणाला कळायचंही नाही. म्हणून टक्के सोडा आणि बाइटमध्ये हद्द सांगा, ती सोय २००९ पासून आहे. /ईटीसी/सिस-सीटीएल.डी/ मध्ये ९०-स्टुडिओ.कॉन्फ नावाची नवीन फाइल, त्यात दोनच ओळी:

व्हीएम.डर्टी_बाइट्स = २६८४३५४५६
व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = ६७१०८८६४

(फाइलमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरं आणि आकडे.) २५६ आणि ६४ एमबी झाले हे. मग सुडो सिस-सीटीएल --सिस्टिम. बाइटवाली लावली की टक्केवाली आपोआप शून्य दिसायला लागते, घाबरू नका, दोन्हीतली एकच चालते.

एक सांगून ठेवते, एकूण वेळ कमी होणार नाही. १५ जीबी भागिले ६ एमबी, ४० मिनिटं लागायची ती लागणारच. पट्टी खरं सांगेल आणि तुम्ही तोवर प्रिंट काढू शकाल एवढंच. वेळ खरंच वाचवायचा असेल तर चांगला यूएसबी ३ वाला पेनड्राइव्ह आणि तो निळ्या पोर्टात.

---

कोकणचा_टक्स · शनिवार, रात्री ८:२०

ताईंनी मस्त सांगितलंय, फक्त आकड्याबद्दल माझं थोडं वेगळं मत. २५६ एमबी पण ६ एमबीच्या पेनड्राइव्हला ४० सेकंद होतात. मी ४८ आणि १६ एमबी लावतो (५०३३१६४८ आणि १६७७७२१६), आठ सेकंदाच्या वर काही साठतच नाही. अर्थात ही हद्द अख्ख्या मशीनला लागते, हार्ड डिस्कवर लिहिताना पण, त्यामुळे मोठ्या एक्स्पोर्टला थोडा फटका बसू शकतो, करून बघूनच ठरवा.

तुमचं कर्नेल ६.८ आहे म्हणून आणखी एक रस्ता आहे, कर्नेल ६.२ पासून प्रत्येक डिस्कला वेगळी हद्द बाइटमध्ये देता येते. एलएसबीएलके ने पेनड्राइव्हचा नंबर बघायचा, समजा ८:१६, मग /सिस/क्लास/बीडीआय/८:१६/ मध्ये मॅक्स_बाइट्स आणि स्ट्रिक्ट_लिमिट अशा दोन फाइली असतात, पहिल्यात हद्द लिहायची आणि दुसरीत १. म्हणजे शिक्षा फक्त पेनड्राइव्हला, हार्ड डिस्क मोकळी. पण पेनड्राइव्ह काढला की ते जातं, कायमचं हवं तर यूडेव्हचा नियम लिहावा लागतो. दोन लग्नं तोंडावर असताना त्यात पडू नका, नंतर निवांत.

आता सिसआरक्यू. तुमचं एस यू बी चालायचं बंद झालं कारण यादीत ० आहे, म्हणजे सगळंच बंद. मिंट-उबुंटूत मुळात १७६ असतं. हा आकडा बेरजेचा आहे: १६ म्हणजे सिंक (साठलेलं डिस्कवर लिहिणं), ३२ म्हणजे डिस्क रीड-ओन्ली करणं, १२८ म्हणजे रीबूट. १६ + ३२ + १२८ = १७६. एस, यू, बी या तीन अक्षरांना लागतं तेवढं बरोब्बर. लोक नेटवर आर ई आय एस यू बी शिकवतात, त्यातलं आर कीबोर्डच्या ४ मध्ये येतं, ई आणि आय (सगळ्या प्रोग्रामना आधी विनंती मग सक्ती) ६४ मध्ये, म्हणून मुळातल्या १७६ वर ती तीन अक्षरं चालत नाहीत आणि लोकांना वाटतं कीबोर्डच खराब. त्याच ६४ मध्ये एफ पण आहे, सगळ्यात जास्त मेमरी खाणारा एक प्रोग्राम मारायचा. गोठलेल्या मशीनला बऱ्याचदा एफ एकटाच पुरतो, रीबूट पण लागत नाही. ते हवं असेल तर १७६ + ६४ + ४ = २४४.

पण विचार करा, मशीन काउंटरवर आहे. ६४ चालू असेल तर कीबोर्डपर्यंत हात पोचणारा कोणीही लॉकस्क्रीनचा प्रोग्राम पण मारू शकतो, मग डेस्कटॉप उघडा. म्हणूनच मुळात ते बंद ठेवलेलं असतं. कीबोर्ड तुमच्याच बाजूला असेल तर २४४, गिऱ्हाइकाच्या हाताला लागत असेल तर १७६ वर राहा. शून्य मात्र तुमच्यासारख्याने ठेवू नये, कारण बटण धरून बंद करण्यात जे नुकसान आहे ते एस आणि यू ने बरंच वाचतं. एस दाबल्यावर डिस्कचा दिवा शांत होईपर्यंत थांबा, मग यू, मग बी.

स्वॉपचं पण थोडं. स्वॉपिनेस १० नेटवर सगळीकडे सांगतात आणि फिरत्या डिस्कवर स्वॉप असेल तर त्यात तथ्य आहे. पण ८ जीबीला झेडरॅम लावा असं मी म्हणेन, रॅममधलाच एक भाग दाबून स्वॉप म्हणून वापरायचा. झेडरॅम-टूल्स पॅकेज, /ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॉप मध्ये अल्गो झेडएसटीडी आणि पर्सेंट ५०. मग स्वॉपिनेस उलट वर न्यायचं, १५०-१८०. दचकू नका, कर्नेल ५.८ पासून ते २०० पर्यंत जातं. १०० म्हणजे स्वॉपमधून आणणं आणि फाइल परत वाचणं दोन्ही सारखंच महाग असं कर्नेल धरतं, झेडरॅम तर फिरत्या डिस्कच्या कितीतरी पट स्वस्त, म्हणून १०० च्या वर. सोबत व्हीएम.पेज-क्लस्टर ० करायचं, मुळात ३ असतं म्हणजे स्वॉपमधून एकदम ८ पानं ओढतं, डिस्कला ते बरं, झेडरॅमला गरज नाही.

---

शाळेची_लॅब · रविवार, सकाळी ७:५०

मी शाळेत शिक्षक आहे, लॅबमध्ये १४ मशीन लिनक्सवर आहेत. सर, सिक्युरिटीच्या ओळींबद्दल मला सांगावंसं वाटलं कारण त्या यादीतलं नेटवर्कचं मी पण एकदा टाकलं होतं आणि दोन दिवस लॅबचं वाटोळं झालं होतं.

यादीत आयपी_फॉरवर्ड ० (दुसऱ्याचं नेट आपल्यातून पुढे जाऊ न देणं) अशी ओळ बहुतेक असेलच. आमच्या एका मशीनवर डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) मुलांचं वाचनालयाचं सॉफ्टवेअर चालतं, डॉकर सुरू होताना ते १ करून घेतं, मी नंतर सिस-सीटीएल --सिस्टिम मारलं की परत ०, कंटेनरचं नेट बंद, आणि रीबूट केलं की परत चालू, म्हणजे मला वाटायचं केबल सैल आहे. केबल बदलल्या हो मी. तुमच्याकडे डॉकर नसेल तर फरक पडणार नाही.

बाकी केपीटीआर_रिस्ट्रिक्ट, डीमेसेज_रिस्ट्रिक्ट, दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये डोकावू न देणारं यामा.पीट्रेस_स्कोप १, प्रोटेक्टेड_हार्डलिंक्स, सिमलिंक्स, सिन कुकीज, यातलं बहुतेक उबुंटू-मिंट आधीच चालू करून देतात. /ईटीसी/सिस-सीटीएल.डी/ मध्ये १० ने सुरू होणाऱ्या फाइली उघडून बघा, तिथेच लिहिलेलं असतं आणि प्रत्येकीवर चार ओळींची टीप पण. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, नंतरची जिंकते, म्हणून आपली ९० ने सुरू करायची.

आणि माझं मनापासून मत असं की तुमच्यासारख्याला आणि माझ्यासारख्याला खरी सुरक्षा कर्नेल अपडेट करून रीबूट करण्यात आहे. डर्टी काऊ नावाचं भोक २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर आलं, ते २००७ पासून, कर्नेल २.६.२२ पासून आत होतं, साधा युजर रूट व्हायचा. ते या यादीतल्या ओळींनी बुजलं नसतं, नवीन कर्नेलनेच बुजलं. अपडेट मॅनेजर कर्नेल टाकतं पण रीबूट करेपर्यंत चालू जुनंच असतं, युनेम -आर ने तपासा. नवीन कर्नेलवर काही बिघडलं तर ग्रबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुनं असतंच, तिथून चालू करायचं, म्हणून जुनं एकतरी ठेवा.

एखाद्या सिस-सीटीएलच्या ओळीने मशीन सुरूच होईनासं झालं तर अजून एक उपाय मला तेव्हा माहीत असता तर बरं झालं असतं: ग्रबमध्ये ई दाबायचं, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सिस्टिमडी.मास्क=सिस्टिमडी-सिस-सीटीएल.सर्व्हिस लिहायचं आणि एफ १०. तेवढ्या एका बूटपुरती तुमची कुठलीच फाइल लागत नाही, आत शिरून दुरुस्त करता येतं.

---

स्टुडिओवाला_सोलापूर · रविवार, रात्री १०:१०

ताई, टक्स भाऊ, सर, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आधी मोठी बातमी, ४० पैकी ३७ फोटो निघाले!! कार्डाची इमेज घ्यायला अर्धा तास, फोटोरेकला त्याच्याहून थोडा जास्त. तीन अर्धवट निघाले, वरचा भाग आहे खाली राखाडी. त्यांच्या घरी जाऊन खरं काय झालं ते सांगितलं, मुलीची आई म्हणाली आजीचा हळद लावतानाचा फोटो आहे ना मग झालं. तो आहे.

यादी सगळी काढली, रीबूट केलं. आवाज आला, वायफाय आलं, १२८ चं कार्ड उघडलं, डार्कटेबल पडलं नाही. एवढं सगळं एका मॉड्यूलच्या आणि एका ओव्हरकमिटच्या ओळीने अडलं होतं हे बघून मला खरंच धक्का बसला, मी तर ग्राफिक कार्ड गेलं म्हणून दुरुस्तीवाल्याला मशीन द्यायला निघालो होतो.

मग एकेक करून बघितलं. काही न लावता मुळातल्या २० टक्क्यांवर ५ जीबी पेनड्राइव्हवर टाकले आणि दुसऱ्या खिडकीत वॉच लावून मेमइन्फोमधल्या डर्टी आणि राइटबॅक ओळी बघत बसलो, डर्टी १.१ जीबीपर्यंत चढलं आणि तिथून गोठणं सुरू, ताईंनी जे कागदावर मांडलं तेच डोळ्यासमोर. मग २५६ लावलं, माउस अडकत नाही पण गिम्पमध्ये सेव्ह दाबलं की थांबतं. मग ४८, त्यात गिम्प मस्त पण कार्डावरून हार्ड डिस्कवर घेताना मला वेळ जास्त लागला, दोनदा करून बघितलं. शेवटी मधलं १२८ आणि ३२ एमबी ठेवलंय (१३४२१७७२८ आणि ३३५५४४३२). पासपोर्टचे दोन प्रिंट कॉपी चालू असताना काढले, अडलं नाही.

सिसआरक्यू २४४ केलं, कीबोर्ड माझ्याच बाजूला आहे. झेडरॅम अजून नाही, गुरुवारनंतर.

दोन प्रश्न राहिले. एक, लाइट जाण्यापासून अजून काय करू? डर्टी_एक्स्पायर ५ सेकंदावर आणू का? दोन, बायकोच्या टायपिंगच्या दुकानात एसएसडीवालं मशीन आहे, तिथे पण हीच फाइल टाकू का?

---

रात्रपाळी_अॅडमिन · सोमवार, पहाटे २:००

३७!! दादा वाचून फार बरं वाटलं.

एक्स्पायर ३००० वरच राहू द्या. ५ सेकंद केलं तरी त्या ५ सेकंदातलं जाणारच, आणि फिरती डिस्क सारखी खडखडत राहील. त्यापेक्षा सवय लावा: कॉपी झाली की टर्मिनलमध्ये सिंक लिहून एंटर, तो परत येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. सिंक परत आलं म्हणजे साठलेलं सगळं खाली गेलं. पेनड्राइव्ह काढताना इजेक्ट दाबलं की ते हेच करतं, म्हणून गिऱ्हाइकाला घाई असली तरी इजेक्टचं नोटिफिकेशन आल्याशिवाय ओढायचा नाही. आणि लग्नाचं कार्ड गिऱ्हाइकाला अल्बम मिळेपर्यंत फॉरमॅटच करू नका, दोन कार्डं जास्तीची घ्या, ४० फोटोंपेक्षा स्वस्त पडतील. यूपीएस तर हवाच, तो कुठल्याही सेटिंगने भरून निघत नाही.

दुसरं, वहिनींच्या मशीनवर तसंच्या तसं नको. तिथे आधी दोन दिवस वापरून काही अडतंय का ते विचारा.

---

स्टुडिओवाला_सोलापूर · सोमवार, सकाळी ९:३०

विचारलं. म्हणते काही अडत नाही, फक्त प्रिंटर जोडलेला असताना मशीन बंद व्हायला दीड मिनिट लागतं, 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असं काहीतरी येतं. त्याचा वेगळा धागा काढतो संध्याकाळी, तिच्याकडून स्क्रीनचा फोटो घेऊन.